युनियन आता गेटवर नाही, नाक्यावर उभी राहील

वाकडला आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर एक डार्क स्टोअर आहे, म्हणजे अॅपवरच्या ऑर्डरी भरून घरोघर पाठवायचं गोडाऊन. बाहेरून बघाल तर अर्धं शटर उघडं असलेला साधा गाळा, आणि समोर फुटपाथवर डिलिव्हरीची पंधरा-वीस पोरं आपापल्या गाड्यांवर बसलेली, मोबाईल हातात, नजर स्क्रीनवर. मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एकाची गाडी घसरली, पाय मोडला. अॅपवर तक्रार टाकली तर इन्शुरन्सचा फॉर्म भरा असा मेसेज आला, आणि फॉर्म भरायला बसला तर अपघाताच्या वेळी तुम्ही लॉगिन नव्हता असं उत्तर आलं, कारण गाडीबरोबर फोनही पडला होता आणि बंद झाला होता. पुढं बोलणार कुणाशी? माणूसच नाही समोर. शेवटी या पोरांनी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्गणी काढली, कुणी शंभर, कुणी दोनशे, ज्याच्याकडं नव्हते त्यानं पन्नास, आणि अठरा हजार जमवून त्याच्या घरी नेऊन दिले. कुणी किती दिले ते एका शंभर पानी वहीत लिहिलेलं. ती वही मला दाखवताना एक पोरगा लगेच म्हणाला, "काका, आमची युनियन-बिनियन काय नाही हां, फक्त ग्रुप आहे."

मी ती वही बराच वेळ बघत राहिलो, कारण अगदी तशीच वही आमच्या घरी होती. माझे वडील भोसरीला एका कंपनीत टर्नर होते आणि काही वर्षं युनियनच्या कमिटीवर होते, कपाटात वरच्या कप्प्यात पावतीपुस्तकं आणि ती वही असायची, कुणाची आई वारली, कुणाचं पोरगं दवाखान्यात, त्याला किती दिले आणि परत किती आले. म्हणजे युनियन म्हटलं की लोकांना लाल झेंडा, घोषणा, दगडफेक आठवते, मला ती वही आठवते. आणि या पोराला जे युनियन वाटत नाही ते माझ्या मते युनियनचं पहिलं पान आहे.

हल्ली बातम्यांमधून असं वाटतं की युनियन परत येतायत. अमेरिकेत २०२१ ला बफेलोमध्ये स्टारबक्सच्या एका दुकानात युनियन झाली, २०२२ ला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अॅमेझॉनच्या गोडाऊनमधल्या कामगारांनी मतदान करून युनियन जिंकली, आपल्याकडं २०२४ ला तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यात ३७ दिवस संप चालला, आणि तो मुख्यतः पगारासाठी नव्हताच, आमच्या युनियनची नोंदणी करा आणि तिच्याशी बोला एवढ्यासाठी होता, ती नोंदणी मिळायला हायकोर्टात जावं लागलं आणि २०२५ चा जानेवारी उजाडला. १९२६ च्या कायद्यानं दिलेला हक्क, आणि तो मिळवायला शंभर वर्षांनी संप करावा लागतो. तर बातम्या आहेत, पण बातम्या म्हणजे ताकद नाही. अमेरिकेत एवढं सगळं होऊनही युनियनच्या मेंबरांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपासच अडकलंय. आणि आपल्याकडं तर बहुसंख्य कामगार अशा ठिकाणी आहे जिथं युनियन कधी पोचलीच नाही.

माझं म्हणणं असं आहे की युनियन परत येणार, यायलाच पाहिजे, पण माझ्या वडिलांची युनियन जशी होती तशी ती परत येणार नाही. एका कंपनीचं एक गेट, गेटच्या आतले पर्मनंट, त्यांचा एक पुढारी आणि तीन वर्षांनी एक अॅग्रीमेंट, हा सांगाडा मोडलाय. आणि तो फक्त मालकांनी मोडला नाही, आपणही मोडलाय, हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

गिरणी संपापासूनच बघू. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या साठएक गिरण्यांमधले जवळजवळ अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं बाहेर पडले. का पडले? पगार होताच, पण त्याच्या खाली जुनी खदखद होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरण्यांमध्ये एकच मान्यताप्राप्त युनियन, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि कामगाराला ती आपली वाटो न वाटो, बोलणी तिच्याशीच होणार. म्हणजे माझ्या वतीनं कोण बोलणार हे मी ठरवायचं नाही. त्या रागातून एवढा मोठा संप उभा राहिला आणि तो कधी अधिकृतपणे मागं घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला, माणसं गावाला गेली, ती परत आली नाहीत, ज्या घरात चूल बंद पडली त्या घरांनी काय भोगलं हे लालबाग-परळमध्ये अजून सांगणारी माणसं आहेत.

तो संप का हरला याची उत्तरं खूप दिली जातात, सामंतांचा हट्ट, इंदिरा गांधींचं सरकार, मालकांना जमिनीत दिसलेला पैसा. सगळ्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कमी बोलली जाते, ती म्हणजे भिवंडी. गिरण्या बंद होत्या तरी बाजारात कापड येतच होतं, कारण ते भिवंडीच्या पॉवरलूमवर विणलं जात होतं, बारा-बारा तासांची पाळी, तेलंगणातून आणि उत्तरेकडून आलेली माणसं, ना हजेरी कार्ड, ना पीएफ. गिरणगावातल्या कामगाराची युनियन गिरणीच्या गेटपर्यंत होती आणि कापडाचा धंदा गेटच्या कितीतरी बाहेर पसरला होता. तुम्ही एका टोकाला यंत्र बंद करता आणि दुसऱ्या टोकाला तुमचाच भाऊबंद निम्म्या मजुरीत तेच काम करतो, आणि त्याच्याकडं तुमच्यातलं कुणी कधी गेलेलं नसतं, मग संप किती दिवस टिकणार?

बरं, हे एकदाच झालं असंही नाही. २०१३ ला चाकणला बजाज ऑटोमध्ये पन्नासएक दिवस संप झाला, कंपनीनं काही उत्पादन वाळूजला हलवलं, आणि शेवटी कामगारांना हातात फारसं काही न पडता परत जावं लागलं. कामगारांची जिद्द कमी नव्हती. पण एका प्लांटची युनियन एका प्लांटपुरतीच भांडू शकते आणि कंपनीकडं दुसरा प्लांट असतो.

आता आपल्या चुकीबद्दल. आयटीआय करून मी चार वर्षं एका मोठ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, नाव घेत नाही. लाईन एकच, मशीन एकच, पण पर्मनंटचा युनिफॉर्म निळा आणि आमचा राखाडी. सात महिने भरत आले की ब्रेक द्यायचे, कारण २४० दिवस भरले तर कोर्टात उभं राहायला आधार मिळतो, मग पंधरा दिवस घरी आणि परत नव्या ठेकेदाराच्या नावावर तोच माणूस, तेच मशीन. एका वर्षी पर्मनंट लोकांचं अॅग्रीमेंट झालं. गेटवर फटाके वाजले, पुढाऱ्यांना हार घातले, आम्हालाही पेढे दिले, एकेक. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं आम्हाला उभं केलं आणि सांगितलं की उद्यापासून शिफ्टला चाळीस पीस जास्त काढायचे. पगारवाढीच्या बदल्यात युनियननं उत्पादनवाढ कबूल केली होती आणि ती वाढ राखाडी युनिफॉर्मच्या अंगावर आली. माझ्या शेजारच्या मशीनवरचे एक पर्मनंट काका, मनानं खूप चांगला माणूस, मला म्हणाले, "अरे, तुमचं पण बघू पुढच्या वेळी." पुढची वेळ आली नाही. दर अॅग्रीमेंटनंतर रिटायर होणाऱ्या पर्मनंटच्या जागी पर्मनंट घेतला गेला नाही, नंतर ट्रेनी आले, मग नीम या सरकारी प्रशिक्षण योजनेतली पोरं आली, आणि पंधरा वर्षांत त्या काकांच्या युनियनकडं एवढे थोडे मेंबर उरले की मॅनेजमेंटनं त्यांना बोलवायचंच सोडलं. कॉन्ट्रॅक्टच्या पोराला बाहेर ठेवून आपलं ताट वाचेल असं वाटलं होतं, आणि त्याच पोराला वापरून ते ताट काढून घेतलं गेलं. मला त्या काकांचा राग नाही, पण त्या धोरणाचा आहे आणि तो आजही आहे, कारण आजही कित्येक युनियनच्या घटनेत कॉन्ट्रॅक्ट कामगाराला मेंबर करायला जागाच नाही.

मग युनियन जिवंत कुठं राहिली? बघायचं असेल तर जिथं कुणी बघत नाही तिथं बघा. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ५२ दिवस संपावर होत्या. सरकार यांना कर्मचारी म्हणत नाही, पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं, आणि तरी त्या संघटित आहेत, गावोगाव. त्याआधी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला. अंगणवाडीच्या त्या संपानंतर लगेच, २०२४ मध्येच, आशा सेविका आझाद मैदानावर बसल्या आणि मानधनात वाढ घेऊनच गेल्या. मुंबईत कचऱ्याच्या गाड्यांवरच्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं भांडला आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टातून २७०० जणांना पर्मनंट करून घेतलं. ज्यांना महापालिका आमचे कामगारच नाहीत म्हणत होती ते!

आणि पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. १९९३ ला ही संघटना झाली तेव्हा कचरावेचक बाईला कुणी कामगार म्हणत नव्हतं, पोलीस चोर समजून हटकायचे आणि कुत्री मागं लागायची. त्या बायकांनी आधी काय मागितलं, तर ओळखपत्र. पगार नाही, ओळखपत्र. आम्ही काम करतो हे लिहून द्या. तिथून पुढं विमा, पोरांची शाळा, आणि २००८ च्या सुमाराला 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला लागली. आमच्या भागात सकाळी सातला कचऱ्याच्या बादल्या मागायला जी ताई यायची तिच्या गळ्यातलं ते कार्ड मी कितीदा बघितलंय. माझ्या वडिलांना अख्ख्या नोकरीत कार्ड मागावं लागलं नाही, कारण ते कंपनीनं पहिल्याच दिवशी दिलं होतं, म्हणून त्या कार्डाची किंमत आम्हाला कळली नव्हती.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, यांचं काम उचलून दुसरीकडं नेता येत नाही. युनियन आली की कंपन्या गुजरातला जातात, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की वाद संपवायला तेवढंच पुरतं. कारखान्याच्या बाबतीत त्यात थोडं खरं आहे, जरी कंपन्या जमीन, वीज, सबसिडी आणि बंदर बघून जास्त हलतात. पण वाकडच्या चौथ्या मजल्यावर दूध पोचवायचं काम गुजरातच्या साणंदला हलवता येत नाही. पुण्याचा कचरा पुण्यातच उचलावा लागतो. सिक्युरिटी गार्ड, हॉस्पिटलमधली आया, भिवंडीच्या गोडाऊनमधला पॅकर, कॅबवाला, ही सगळी कामं जागेला बांधलेली आहेत. आणि भिवंडी, जी १९८२ ला गिरणी कामगाराच्या विरोधात वापरली गेली, ती आज ऑनलाइन मालाच्या गोडाऊनचं केवढं मोठं ठाणं आहे, तिथं दोन दिवस माल हलला नाही तर अख्ख्या मुंबईला कळेल. म्हणजे कामगाराची ताकद गेली असं जे म्हणतात ते कारखान्याकडं बघून म्हणतात, ताकद जागा बदलून बसलीय.

फक्त या लोकांचा मालक सापडत नाही. अॅपवाली कंपनी म्हणते ही पोरं आमचे पार्टनर आहेत. पार्टनर म्हणजे काय तर गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, अपघात त्याचा, आणि दर ठरवायचा कंपनीनं. एका ऑर्डरमागं मिळणारे पैसे कधी बदलले हे त्याला स्क्रीन बघूनच कळतं. रेटिंग पडलं किंवा कुणी तक्रार केली की आयडी ब्लॉक, ना चार्जशीट, ना चौकशी, ना म्हणणं मांडायची संधी. माझ्या वडिलांच्या कंपनीत माणूस काढायचा तर आधी चार्जशीट, मग डोमेस्टिक इन्क्वायरी, मग कुठं निकाल, आणि त्यातही युनियनचा माणूस शेजारी बसायचा. इथं सकाळी अॅप उघडत नाही, संपलं.

पण "हे आमचे कामगार नाहीत" हे वाक्य काही अॅपवाल्यांनी शोधलेलं नाही. मशीद बंदर, दारूखाना, मुंबईचा कापड बाजार, तिथले व्यापारी साठच्या दशकात हेच म्हणत होते. पाठीवर, डोक्यावर ओझं वाहणारा माथाडी आज या पेढीचा माल उतरवतो, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या, मग त्याचा मालक कोण? व्यापारी म्हणायचा आम्ही मुकादमाला पैसे देतो, टोळी त्याची. मुकादम म्हणायचा मी कसला मालक, मीच मजूर. सातारा जिल्ह्यातून, पाटण-जावळीच्या डोंगरातून आलेली ही माणसं, गाळ्यात पंचवीस-पंचवीस जण पाळीनं झोपायची. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानं केलेल्या सगळ्यात हुशार कायद्यांपैकी तो एक आहे, आणि आपण त्याच्याकडं जुना, कटकटीचा कायदा म्हणून बघतो याचं मला फार वाईट वाटतं.

हुशार कशासाठी, तर त्यानं मालक कोण या प्रश्नात घोडं अडू दिलं नाही. एक मंडळ काढलं, त्यात कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. माथाडी मंडळाकडं नोंदणार, जो जो माल उतरवून घेतो तो व्यापारीही मंडळाकडं नोंदणार. माथाडीनं कुणाचं किती काम केलं त्याची मजुरी व्यापाऱ्यानं मंडळात भरायची, आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे मजुरीचा ठरलेला टक्का, वेगळी भरायची, बऱ्याच मंडळांत ती मजुरीच्या तीस टक्क्यांच्या वर आहे. मंडळ माथाडीला पगार करतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी निघतं. माणूस दिवसाला तीन पेढ्यांवर काम करो की सहा, त्याचा हिशोब एका ठिकाणी. नवी मुंबईत कोपरखैरण्याला, घणसोलीला माथाडींची घरं आहेत, हॉस्पिटल आहे, ज्यांच्या आज्यानं पोतं वाहिलं त्यांची नातवंडं डॉक्टर-इंजिनिअर झालेली आहेत. १९८१ ला याच धर्तीवर सिक्युरिटी गार्डसाठीही कायदा झाला.

आता हीच मांडणी डिलिव्हरीच्या पोरावर ठेवून बघा. तो सकाळी एका अॅपवर, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. त्याला लवचिकता पाहिजे, म्हणून त्याला कामगार करता येत नाही असं सांगतात. माथाडीला पण लवचिकता होतीच की, तो कधी एका पेढीला बांधलेला नव्हता, तरी त्याला पीएफ मिळाला. लवचिकता आणि सुरक्षितता यांचं एकमेकांत भांडण आहे हे आपल्याला पटवून दिलं गेलंय, आणि ते खोटं आहे हे आपल्याच राज्यानं पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. शिवाय त्या काळात मुकादमाच्या वहीवर अवलंबून राहावं लागायचं, इथं तर प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक मिनिट, प्रत्येक रुपया आधीच सर्व्हरवर नोंदलेला आहे, मंडळाला हिशोब ठेवणं याहून सोपं कधी नव्हतं.

आणि केंद्रानं काय दिलं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे या डिलिव्हरीच्या पोरांसारखे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारे, हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला, हे चांगलंच झालं. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. माथाडीची तीस टक्क्यांवरची लेव्ही आणि हे पाच टक्के, फरक तुम्हीच बघा. आणि पैसा एकवेळ बाजूला ठेवू, खरी उणीव ही आहे की या संहितेत त्याला सुरक्षेचा लाभार्थी केलंय, बोलणी करणारा पक्ष नाही केलेलं. औद्योगिक संबंध संहितेत तो कामगारच नाही, म्हणजे दर कमी केला, आयडी ब्लॉक केला, तर कुणाकडं जायचं? राजस्थाननं २०२३ ला देशातला पहिला गिग कामगारांचा कायदा केला, कर्नाटकानं २०२५ ला केला, आणि ज्या महाराष्ट्रात माथाडी कायदा जन्मला तो महाराष्ट्र यात मागं. नीती आयोगाच्या अंदाजानं २०२०-२१ ला देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या माणसांना वाऱ्यावर सोडून कुठलं राज्य पुढारलेलं म्हणवून घेणार?

कारखान्यातल्या कामगारासाठीही नव्या संहितेत अवघड दिवस आहेत. संपाला १४ दिवस आधी नोटीस, निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप, आणि ३०० पेक्षा कमी कामगार असतील तर कपात करायला किंवा टाळं लावायला सरकारची परवानगी लागत नाही, आधी केंद्राच्या कायद्यात हा आकडा १०० होता. पण त्यातच एक कलम असं आहे की ज्या युनियनकडं ५१ टक्के कामगार, ती एकटी बोलणी करणार. याची भीती सगळ्या युनियनना वाटतेय, आणि मला वाटतं भीतीपेक्षा यातून शिकावं, कारण ५१ टक्के गाठायचे तर फक्त पर्मनंट लोकांवर भागणार नाही, फिक्स्ड टर्मवाल्या, म्हणजे ठरावीक मुदतीवर घेतलेल्या, पोरांनाही मेंबर करावंच लागेल. जे मनानं करायला पाहिजे होतं ते आता गरजेपोटी करावं लागेल.

माथाडीचं कौतुक केलं म्हणून त्यातली घाण झाकायची नाही. चाकण, तळेगाव, रांजणगाव, कुठल्याही एमआयडीसीत जाऊन छोट्या कारखानदाराला विचारा, माथाडी म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या येतात, कारण माथाडीच्या नावाखाली कुणीतरी चार गुंड गाडी अडवतात, काम न करता पैसे मागतात, मागं कुठल्यातरी पक्षाचा फलक. ही खंडणी आहे आणि तिचा सगळ्यात मोठा तोटा खऱ्या माथाडीला होतो, कारण त्याच्या कायद्याची इज्जत जाते. हे साफ करायचं काम पोलिसांचं आहे तसं युनियनचंही आहे, आणि युनियननं ते पुरेसं केलेलं नाही.

आणि पुढाऱ्यांचं काय करायचं? २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तो संप एसटी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाचा होता, पण नीट बघितलं तर तो आपल्याच युनियनवरच्या अविश्वासाचाही होता. वर्षानुवर्षं मान्यता असलेल्या संघटनांचे नेते बोलणी करून आले आणि डेपोतल्या कंडक्टर-ड्रायव्हरनी त्यांचं ऐकलंच नाही, त्यांना बाजूला सारून बाहेरच्या माणसांच्या मागं गेले. महिनोन्महिने पगार नाही, कितीतरी बडतर्फ झाले, काहींनी जीव दिला. विलीनीकरण झालं नाही. मी त्या कर्मचाऱ्यांना दोष देणार नाही, ज्या पगारात ते घर चालवत होते त्यात कुणाचाही धीर सुटला असता. पण ज्या संघटनेत वीस-वीस वर्षं तोच अध्यक्ष, जिथं हिशोब कधी नोटीसबोर्डवर लागत नाही, जिथं बाई कंडक्टर हजारोंनी आहेत पण स्टेजवर एकही नाही, तिथला माणूस एक दिवस उठून जातोच.

याच्या उलट हमाल पंचायत. बाबा आढावांनी पुण्यात पन्नासच्या दशकात ती उभी केली, आणि ती फक्त मजुरीपुरती कधीच राहिली नाही. हमालाच्या पाठीवरचं शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर आणायला त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, कारण चाळिशीत कमरेतून वाकलेला माणूस त्यांना दिसत होता. स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून 'कष्टाची भाकर' काढली, ती आजही चालते, मार्केट यार्डात दुपारी जाऊन झुणका-भाकर खाऊन बघा, शेजारी हमाल, रिक्षावाला आणि स्पर्धा परीक्षेचा पोरगा एकाच बाकावर असतो. बाबा डिसेंबर २०२५ मध्ये गेले, पंच्याण्णवाव्या वर्षी. त्यांच्या संघटनेत युनियन आणि रोजचं जगणं यांच्यात भिंत नव्हती, आणि मला वाटतं ती टिकली ती म्हणूनच.

हिंजवडीतल्या आयटीच्या मुलांबद्दल थोडंच बोलतो. २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार लोक कमी करायचं जाहीर केलं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या कितीतरी घरांत भीती होती, पण युनियन हा शब्द कुणी काढला नाही, कारण आपण कामगार नाही असं त्यांना वाटतं. एचआरनं खोलीत बोलवून राजीनामा लिहून घेतल्यावर वाटतं, तेव्हा उशीर झालेला असतो. तिथंही संघटना आहेत, लेबर कमिशनरकडं तक्रारी नेतायत, पण तो रस्ता लांबचा आहे.

जवळचा रस्ता त्या डार्क स्टोअरच्या फुटपाथवर आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ ला परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या तेव्हा युनियनचा कायदा नव्हता, तो यायला अजून ४२ वर्षं होती. तरी सह्या गोळा करून, अर्ज करून, सभा घेऊन १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. म्हणून मी त्या पोरांना सांगितलं की कायदा येईपर्यंत थांबू नका, आणि पहिली मागणी पैशाची करू नका. एक, आयडी ब्लॉक करण्याआधी कारण लेखी द्या आणि बोलायला माणूस द्या. दोन, दर बदलायचा तर आधी कळवा. तीन, गाळ्याच्या आत बसायला जागा आणि संडास वापरू द्या, कारण वीस पोरांना लघवीला मेट्रोच्या खांबामागं जावं लागतं आणि त्यांच्यातल्या दोन मुलींना तेवढीही सोय नाही. आणि एका अॅपच्या पोरांनी वेगळा ग्रुप काढू नका, शेजारच्या गाळ्यासमोर दुसऱ्या रंगाचे टी-शर्ट घालून बसलेत त्यांना आधी घ्या, नाहीतर तुमच्या संपाच्या दिवशी तेच तुमच्या ऑर्डर नेतील.

तो वहीवाला पोरगा दोन आठवड्यांनी परत भेटला. ग्रुप दोनशेवर गेला होता, शेजारचे टी-शर्ट त्यात आले होते, महिन्याला वीस रुपये ठरले होते. पण पैसे फोनवर येतात, कोण देतं कोण नाही यावरून कुरबुर सुरू झाली होती. मी घरी आणून त्याला वडिलांचं जुनं पावतीपुस्तक दाखवलं, कार्बन कागद अजून आत तसाच होता. त्यानं दोन्ही बाजूंनी फोटो काढला आणि विचारलं, "काका, असलं पुस्तक अजून कुठं छापून मिळतं?" पिंपरीत एक प्रेस मला माहीत आहे, शनिवारी त्याला घेऊन जाणार आहे.